पुस्तकाची झेरॉक्स मिळणार नाही

दुकानात गिऱ्हाईक आलं की दुकानदाराला आनंद होतो. नानांना गिऱ्हाईक आलं की आधी संशय यायचा. ते चष्मा कपाळावर चढवायचे, गिऱ्हाइकाच्या हातातला कागद लांबूनच न्याहाळायचे आणि तो कागद पुस्तकाचा निघाला तर खुर्चीतून उठायचेही नाहीत.

मेहरूणला कॉलेजच्या रस्त्यावर आमची दोन दुकानं खेटून होती. माझं मोबाइलचं, त्यांचं झेरॉक्सचं. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, काय मागितलं आणि काय ऐकून परत गेलं, हे मला इकडे बसून सगळं कळायचं. जून महिन्यात तर मी रेडिओ लावतच नसे. नव्या वर्षाची पोरं पुस्तकं घेऊन यायची आणि ज्यांना ठाऊक नव्हतं ती सरळ विचारायची.

"काका, हे पूर्ण काढायचंय. स्पायरल पण करून द्या."

"विचारलं का?"

"कोणाला?"

"हे ज्यानं लिहिलं त्याला. वर नाव छापलंय बघ ठसठशीत. त्याला विचारलं का?"

पोरगं हसायचं. नाना हसायचे नाहीत. मग ते बोटाने वर दाखवायचे. मशीनच्या वर त्यांनी पेंटरकडून पाटी करून घेतली होती, लाल अक्षरात: पुस्तकाची झेरॉक्स मिळणार नाही. समोर कॉलेज, मागे होस्टेल, रस्त्याला तोबा गर्दी, आणि ही पाटी. मी म्हणायचो, नाना, खाटकाने दुकानावर 'मटण खाऊ नका' लिहिल्यासारखं आहे हे. ते म्हणायचे, तू तुझं बघ.

पोरंही काही कमी नव्हती. एक प्रकरण एकाने आणायचं, दुसरं दुसऱ्याने, असं वाटून घेऊन यायची. दोन दिवस नानांनी काढून दिलं. तिसऱ्या दिवशी पोराच्या हातातलं पान बघून म्हणाले, "कालच्याला सांग, त्याचं प्रकरण जिथं संपलं तिथूनच तुझं सुरू होतंय. मला काय खुळा समजता का रे?" तरी पोरगी गरिबाघरची दिसली तर तिला ते बाकावर बसवून घ्यायचे. पेन द्यायचे, कागद द्यायचे, म्हणायचे, हातानं उतरव, हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं. मधे पाणीही विचारायचे. आधारकार्ड, दाखले, सातबारा, मार्कशीट एवढ्यावर त्यांचं दुकान चालायचं, आणि बाकीचं सगळं गिऱ्हाईक चौकातल्या दुकानात जायचं.

असं का करता म्हणून विचारलं तर दर वेळी वेगळं कारण. कधी म्हणायचे, मी तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायला होतो, एक पान उभं करायला काय लागतं ते मला विचार. कधी म्हणायचे, कायदा आहे, मी काय करू. एकदा म्हणाले, मशीन जुनं आहे, जाड पुस्तक ठेवलं की तापतं. मी यातलं एकही खरं मानलं नाही.

गल्लीचा एक ग्रुप होता मोबाइलवर. सकाळी उठून लोक फुलं पाठवायचे, सुविचार पाठवायचे. नाना प्रत्येकाला उत्तर द्यायचे: हा फोटो कोणी काढला? ही ओळ कोणाची? कोणीतरी आईवरची कविता टाकली आणि खाली लिहिलं, कवी अज्ञात. नानांनी लिहिलं, "अज्ञात म्हणजे तुम्ही शोधला नाही." लोक वैतागले. बारशाच्या फोटोवरसुद्धा त्यांनी विचारलं की बाळाच्या आईला विचारलंय ना. शेवटी ॲडमिनने त्यांना काढून टाकलं. नाना त्याच्या घरी गेले, चहा प्याले आणि म्हणाले, काढलंस ते बरं केलंस, माझंही डोकं दुखायला लागलं होतं.

पण एक गोष्ट सांगतो. आमच्या तलावाचा एक फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होता. पहाटेचं पाणी, धुकं, एक बगळा. कोणी लग्नपत्रिकेवर छापला, कोणी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर. नानांनी त्या फोटोचा पिच्छा धरला. तुला कोणी पाठवला, त्याला कोणी पाठवला, असं विचारत विचारत ते एका नर्सबाईपर्यंत पोचले. बाई रात्रपाळी संपवून तलावावरून घरी जायची, तिने सहज काढलेला. तो एवढा फिरलाय हे तिच्या गावीही नव्हतं. नाना तिच्यासाठी पेढे घेऊन गेले आणि तिला विचारून त्यांनी तो फोटो दुकानात लावला, खाली तिचं नाव. बाई पुढे कधी दुकानावरून गेली की मान वर करून फोटोकडे बघायची आणि मग चालायला लागायची.

आता माझं सांगतो, मी लपवणार नाही. माझा धंदा मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा होता. तेव्हा सगळेच भरायचे. लग्नसराईत माझ्याकडे रांग लागायची. केळीच्या गाड्या घेऊन रावेरहून निघालेले ड्रायव्हर वाट वाकडी करून माझ्याकडे थांबायचे, दिल्लीपर्यंत पुरतील एवढी गाणी घेऊन जायचे. नाना पत्र्यापलीकडून विचारायचे, "काय भाई, आज कोणाच्या घरी डाका?" मी म्हणायचो, "नाना, तुमच्या शेजारी बसून इमानदार झालो तर पोरांना काय पाटी खाऊ घालू?" मग ते हसायचे. असं आमचं रोजचं होतं. ईदला माझी अम्मी त्यांना शीरखुर्मा पाठवायची, अक्षय तृतीयेला त्यांच्याकडून सांजोऱ्या यायच्या. भांडण फक्त गाण्यांपुरतं.

त्यांची बायको, अक्का, दुपारी डबा घेऊन यायची. बुटकी, गोरी, कपाळाला हे एवढं कुंकू. बोलणं पक्कं अहिराणी, धुळ्याच्या पलीकडच्या गावची ती. नाना जेवेपर्यंत ती बाकावर बसून मेथी निवडायची आणि निवडता निवडता गुणगुणायची. गुणगुणायची म्हणजे काय, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडून बसलो होतो, स्क्रू हातात, आणि तसाच बसून राहिलो. आवाज काही गोड नव्हता. जाडा होता, जरा फाटका, पण ओळ संपताना तो असा खाली उतरायचा की घरात कोणी तरी दार लोटून घेतंय असं वाटायचं. मी म्हटलं, अक्का, काय गाता तुम्ही. ती म्हणाली, "मनं नही रे भाऊ. मनी मावशीनं शे."

मला वाटलं, माझं नाही, मावशीचं आहे, असं लाजून म्हणतेय. तसं नव्हतं. तिच्या माहेरी रीतच होती. हळदीला बायका बसल्या की जिला गाणं उचलायचं असेल तिने आधी सांगायचं, हे मी अमकीकडून घेतलं. ती अमकी समोर बसलेली असली तर तिच्याकडे बघायचं, तिने मान हलवली की मगच तोंड उघडायचं. मेली असेल तर तिचं नाव घेऊन हात जोडायचे. न सांगता गायलं तर पुढच्या हळदीला त्या बाईला कोणी कुंकू लावायचं नाही. अक्का हे सांगत होती तेव्हा नाना खाली मान घालून भाकरी मोडत होते. त्यांच्या पाटीचं मूळ मला त्या दिवशी कळलं. त्यांनी कबूल कधीच केलं नाही, बायकोकडून शिकलो असं कुठला नवरा म्हणतो?

पुढे त्यांची मुलगी, धुळ्याला दिलेली, तिने सुट्टीत येऊन आईच्या गाण्यांचं चॅनल काढून दिलं. मोबाइल माझ्याच दुकानातला. झालं, नानांना नवीन खूळ मिळालं. दुसरा कोणी असता तर बायकोला समोर बसवून धडाधड गाणी टाकून मोकळा झाला असता. नानांनी काय करावं? एकेका गाण्यासाठी दोघं एसटीने माहेरी जायचे. जिच्याकडून गाणं घेतलं तिच्या दारात जाऊन विचारायचं, टाकू का? एका बाईने नाही म्हटलं. तिची लेक बाळंतपणात गेलेली, ते गाणं ती लेकीसाठी म्हणायची. त्या दिवसानंतर अक्का ते गाणं बाकावर बसूनसुद्धा म्हणाली नाही.

मावशीकडे गेले ती गोष्ट मला अक्कानेच सांगितली. म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि गाणं बाजारोबाजार फिरेल या काळजीने विचारलं, "मंग ते हाटेहाट फिरी का?"

नाना म्हणाले, "नही मावशी. एकच जागावर ऱ्हाई. खाले तुमनं नाव ऱ्हाई. सुटं फिरावं नही."

म्हातारीने मान हलवली. तिला दिलेला हा शब्द नानांनी असा धरला की काय सांगू. गाणं चॅनलवर चढलं, खाली मावशीचं नाव, गावाचं नाव लिहून झालं, की ते मोबाइलमधलं पुसून टाकायचे. का, तर मोबाइलमध्ये राहिलं की कोणी मागेल, कोणी न मागता घेईल, आणि गाणं सुटं होईल. मी डोकं आपटून घेतलं. म्हटलं, नाना, एक कॉपी पेनड्राइव्हवर राहू द्या, कपाटात कुलूप लावून ठेवा, कोण बघतंय. ते म्हणाले, "भाई, शब्द दिलाय. तो कपाटालाही लागू आहे."

मग मी हळूच अक्काला गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ती म्हणाली, "आते तेस्ना शब्द शे रे भाऊ. मी काय सांगू?" मी कार्ड भरणारा माणूस, मला एक बटण दाबायला किती वेळ लागला असता? पण तिच्या तोंडावर तो विश्वास बघून मला ते जमलं नाही. आयुष्यात न विचारता हजारो गाणी उचलली, ही तेवढी सोडली.

चॅनलला फार लोक नव्हते. सुरतेला कामाला गेलेले आपले खान्देशी लोक जास्त. ते खाली लिहायचे, माय आठवली, गाव आठवलं, लूमवर उभा राहून ऐकतोय. नाना प्रत्येकाला उत्तर द्यायचे. कोणी म्हणालं की मला पाठवा, तर लिहायचे, इथेच येऊन ऐका, कधीही या, दार उघडंच आहे.

अक्का पोटाच्या दुखण्याने गेली. चांगल्या दवाखान्यात नेलं, भुसावळला नेलं, परत आणलं, नाही वाचली. नाना रडले नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. तेराव्यानंतर दुकान उघडलं आणि दुपारी डब्याच्या वेळेला ते बाकाकडे बघत बसले. मी माझा डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. तेव्हापासून आम्ही एकत्र जेवायला लागलो.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ते कॉम्प्युटरवर तिचं एक गाणं लावायचे. एकच. मी माझ्याकडचा आवाज बंद करायचो. गिऱ्हाईक असलं तरी सांगायचो, जरा थांब. पत्र्यातून तो जाडा, फाटका आवाज इकडे यायचा आणि ओळीच्या शेवटी खाली उतरायचा. घरी भिंतीवर तिचा फोटो होता, कपाटात लुगडी होती, पण नाना म्हणायचे, ती मला तिथं भेटत नाही, इथं भेटते. त्यांच्याजवळ तिचं बोलणारं, श्वास घेणारं असं तेवढंच उरलं होतं आणि तेही नेटवर.

पुढच्या लग्नसराईत एक पोऱ्या माझ्याकडे कार्ड घेऊन आला. म्हणाला, भाई, ते उमरावालं गाणं भरा ना, डीजेवालं, सध्या बठ्ठीकडे, सगळ्या वरातीत तेच चालू शे. मी शोधून लावलं. आधी नुसता बाईचा आवाज.

"उमराले सांग माय, तुनी आंडेर फिरी येई,
अंगनमा तुयस, तिले..."

आणि तिथेच धाडकन ठोका पडला, खाली डीजे, वर कोणा पोराचं हे पोरी ते पोरी. उंबऱ्याला सांग आई, तुझी लेक परत येईल, असं ते सासरी निघालेल्या लेकीचं गाणं. अक्काचंच. कुठल्या तरी गाण्याच्या कंपनीने चॅनलवरून उचललेलं, नाव नाही, गाव नाही. मी आवाज कमी करायच्या आत पत्र्यापलीकडे खुर्ची सरकली.

नाना दारात आले. म्हणाले, "परत लाव."

मी लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, ठोक्यासकट. मग म्हणाले, "मावशीला काय सांगू आता?" आणि परत आपल्या दुकानात गेले. राग नाही, शिवी नाही. शिव्या मी दिल्या, दोघांच्या वाटच्या.

खरी कमाल पुढे झाली. महिनाभराने नानांना इंग्रजीत मेल आला. मी वाचून दाखवला. त्या कंपनीने गाणं आपल्या नावावर नोंदवलं होतं, आणि आता तीच तक्रार करत होती की तुमच्या चॅनलवर आमचं गाणं आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. त्यांनी अक्काची आणखी दोन गाणी तशीच उचलून नोंदवून ठेवली होती, अजून बाजारात आणली नव्हती. तीन गाण्यांच्या तीन तक्रारी, आणि तीन झाल्या की चॅनल बंद. आठवड्याची मुदत दिली होती, काही म्हणणं असेल तर फॉर्म भरा.

मी फॉर्म उघडला. म्हटलं नाना, सोपं आहे, पाच मिनिटांचं काम. इथं लिहायचं, शपथेवर, की हे माझं आहे.

"माझं कुठं आहे?"

"अक्काचं म्हणा."

"तिचं तरी कुठं आहे? तूच ऐकलंय तिच्या तोंडून."

"नाना, तो चोर मालक म्हणून सही करून मोकळा झाला, आणि तुम्ही मावश्या मोजत बसा."

"त्यानं खोटं लिहिलं म्हणून मी लिहू?"

मी भडकलो. म्हटलं, तुमच्या खऱ्यापायी अक्का जाईल, कळतंय का. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशीला विचारतो. ती म्हणाली की आमचं लिही, तर लिहीन." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेले. मावशी गावात नव्हती, सुरतेला लेकाकडे गेली होती, चार-आठ दिवसांत येते म्हणाले. फोनवर विचारा म्हटलं तर म्हणे, असलं फोनवर विचारत नाहीत, समोर बसून विचारायचं असतं. आणि हा माणूस तिथं भाच्याच्या ओट्यावर म्हातारीची वाट बघत राहिला. मी रोज फोन करायचो, नाना या, मुदत संपतेय, मी भरतो तुमच्या नावाने. ते म्हणायचे, हात लावू नकोस, भाई. तुला अक्काची आण आहे.

मावशी आली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हाई गानं मनं नही बापा. बठ्ठास्नं शे." सगळ्यांचंच गाणं ते, म्हातारी खरंच बोलली. हेच ऐकून नाना परत आले.

आले ते संध्याकाळी, एसटी स्टँडवरून थेट दुकानात. हातात मावशीने दिलेल्या शेंगांची पिशवी. कॉम्प्युटर चालू केला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पत्र्यावर टकटक झाली.

"भाई, तुझ्याकडे नेट आहे का बघ बरं. माझी वायर ढिली झालेली दिसते."

वायर ढिली नव्हती. मला सकाळीच कळलं होतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. पडद्यावर एक ओळ होती, हे चॅनल उपलब्ध नाही. त्यांनी परत दाबलं, परत दाबलं. मी त्यांचा हात धरला. तेव्हा ते रडले. मीही रडलो, मला लाज नाही सांगायला.

नंतर मी खूप खटपट केली. मेल केले, ओळखीच्या वकिलाला गाठलं. मुदत संपली की कोणी विचारत नाही. सुरतेच्या लोकांना लिहिलं, कोणाकडे असेल तर द्या. कोणाकडेही नव्हतं. नानांनी सगळ्यांना सांगितलं होतं ना, इथेच येऊन ऐका, आणि ती भली माणसं तसंच करत होती.

एक दिवस आमच्या रस्त्यावरून वरात चालली होती. डीजेची गाडी, पुढे नाचणारी पोरं, मागे घोड्यावर नवरदेव. आणि ते गाणं लागलं. एवढ्या मोठ्या कर्ण्यांतून अक्काचा आवाज आख्ख्या मेहरूणवर पसरला. नाना दुकानातून चपला न घालता बाहेर आले. एक ओळ झाली, दुसरी अर्धी झाली, ठोका पडला, पोरं उसळली. नाना गाडीमागे चालायला लागले. मला वाटलं, भांडायला जातायत. मी दुकान तसंच टाकून मागे धावलो. भांडले नाहीत. चौकापर्यंत गेले आणि गाडीवरच्या पोऱ्याला म्हणाले, "बाळा, ते सुरुवातीचं अजून एकदा लावशील का? नुसतं सुरुवातीचं."

पोऱ्याला वाटलं, बाबाला नाचायचंय. त्याने लावलं. पोरांनी नानांच्या भोवती रिंगण धरलं आणि नाना मध्ये उभे, डोळे मिटून. ठोका पडला तसा एकाने त्यांचा हात धरून नाचवायला सुरुवात केली. मी त्यांना बाहेर ओढून आणलं. त्या सराईत मग ते लग्न असेल तिथं जाऊन उभे राहायला लागले. मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी, आत जायचे नाहीत. लोक हसायचे, म्हणायचे, झेरॉक्सवाले नाना वरातीमागे फिरतात, बायको गेल्यावर सरकले. मी फक्त अंधार पडला की त्यांना गाडीवर बसवून घरी सोडायचो.

त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. दुकान गेलं. नव्या भाडेकऱ्याने पाटी उतरवली, त्याच्याकडे पुस्तकं धडाधड निघतात. मला ताईचा फोन आला की बाबा कोणाशी बोलत नाहीत, तुमचं नाव काढतात, एकदा येऊन जा. निघायच्या आदल्या दिवशी मी ते डीजेवालं गाणं घेतलं आणि ठोका पडायच्या आधी कापलं. दीड ओळ. खाली काही नाही, वर काही नाही, नुसती अक्का.

धुळ्याला देवपूरला ताईचं घर. नाना खिडकीपाशी खाटेवर होते, उजवी बाजू गेलेली, दाढी वाढलेली. मला बघून डाव्या हाताने बस म्हणाले. इकडचं तिकडचं झालं. ताई चहाला आत गेली तशी मी मोबाइल त्यांच्या कानाजवळ धरला आणि लावलं.

त्यांनी मोबाइलवर हात ठेवला. संपलं. मी परत लावलं. परत संपलं. मी लावत राहिलो. त्यांच्या त्या चालत्या डोळ्यातून पाणी उशीवर जात होतं. मग ते बोलले. जीभ जड झालेली, मला वाकून ऐकावं लागलं.

"मी चुकलो, भाई. मी गाणं कोणाचं ते शोधत बसलो. गाणं सगळ्यांचं. आवाज तर तिचा होता. तेवढं लिहायला काय झालं होतं मला?"

नका त्रास करून घेऊ म्हटलं आणि मी त्यांचं तोंड पुसलं.

ताई चहा घेऊन दारात उभी होती. तिने आईचा आवाज ऐकला होता. कप तसेच खाली ठेवून ती म्हणाली, "भाई, हे मला पाठवा. आत्ता पाठवा."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात हलवला, दे म्हणून. मी पाठवलं. ताई मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून अक्काचा आवाज आला, तुटला. परत आला, परत तिथेच तुटला. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते.

थोड्या वेळाने दार उघडलं. ताईचे डोळे लाल, पण तोंडावर आनंद होता, मी आल्यापासून पहिल्यांदा.

"भाई, अर्धंच आलंय. पुढचं पाठवा ना."

"तेवढंच आहे, ताई."

"असं कसं? तुम्ही तर सगळ्यांची गाणी भरून द्यायचे. मला वाटलं, तुमच्याकडे तरी असेल."